रजेवरचा खांदा

उज्वलाचा उजवा खांदा निखळला तो एका बोकडामुळे. बोरगावच्या पुढं, सुरगाण्याच्या रस्त्यावर, भर दुपारी बोकडाला रस्ता ओलांडायचा होता, जयराम ड्रायव्हरला बोकड वाचवायचा होता आणि उज्वला कंडक्टरला तिसऱ्या सीटवरच्या बाईला तिकीट द्यायचं होतं. तिघांपैकी दोघांची कामं झाली. बोकड पलीकडं जाऊन निवांत पाला खाऊ लागला आणि जयरामनं कपाळाचा घाम पुसला. उज्वलानं मात्र तोल सावरायला डोक्यावरचा दांडा धरला होता. ब्रेक लागला तशी ती पुढं गेली आणि हात दांड्यापाशीच राहिला. खांद्यात काहीतरी सरकलं आणि असं दुखलं, की तिच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो एसटीच्या कुठल्याही नियमात बसत नव्हता.

एसटीत पन्नास माणसं असली की त्यांतले पंचेचाळीस डॉक्टर असतात. उरलेले पाच झोपलेले असतात. कुणी म्हणालं मुरगळलाय, कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं पाणी पाजू नका, आणि तोवर एकीनं पाणी पाजलंही होतं. शेवटी सोमा नावाचा एक म्हातारा मागच्या सीटवरून उठून पुढं आला. त्यानं खांद्याकडं नीट निरखून पाहिलं आणि एवढ्या गर्दीत एकट्यानं बरोबर निदान केलं.

"निखळला. मी बसवून देतो, बाई. खाली झोप. बगलेत पाय देतो अन् हात वढतो."

"तुम्ही खांदे बसवता, बाबा?"

"बैलाचा बसवेल हाये."

"मग तो बैल कुठंय आता?"

"मेला," सोमा प्रामाणिकपणे म्हणाला. "पण खांद्यानं नाय मेला."

उज्वलानं त्याला हात न जोडताच नमस्कार सांगितला, कारण जोडायला हात नव्हता. ओढणीनं हात पोटाशी बांधून, मागून आलेल्या एका जीपमध्ये बसून ती नाशिकला आली. रस्त्यात किती खड्डे आहेत हे ती चौदा वर्षं प्रवाशांकडून ऐकत आली होती. त्या दिवशी तिनं ते स्वतः मोजले.

दवाखान्यात फोटो काढला, इंजेक्शन दिलं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून "इथं कळतंय का?" असं दोनदा विचारलं. मग डॉक्टरांनी हळूहळू, अजिबात घाई न करता, हात ओढत फिरवला. आत खट्ट झालं. जगातलं सगळ्यात सुंदर संगीत कोणतं असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं, तर उज्वलानं तोच आवाज सांगितला असता.

"बसला," डॉक्टर म्हणाले. "पण बसला म्हणजे बरा झाला, असं नाही. आतले पडदे फाटतात. तीन आठवडे हात झोळीत. मग व्यायाम, तोही शिकवतील तेवढाच. तीन महिने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, जड उचलायचं नाही. पुन्हा निखळला तर ऑपरेशन."

"आणि ड्यूटी?"

"हात पूर्ण वर गेला तर ड्यूटी."

एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. डेपोनंही तेच लिहून दिलं: एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढं हजर व्हायचं. हात डोक्यावर सरळ गेला तर लाइनवर. नाही गेला तर टेबलावर, पासच्या खिडकीत, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, कायमचं.

टेबल म्हणजे वाईट काय, असं कुणालाही वाटेल. तिच्या नवऱ्याला, वाल्मीकला, तर फारच वाटत होतं. तो पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर होता, म्हणजे दिवसभर थंडीत उभं राहून दुसरे पेट्या कशा उचलतात ते पाहत होता. बायको पाच वाजता घरी आली की साडेपाचला चहा मिळेल, हा हिशेब त्यानं दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्याच मांडला होता. त्याची आई, बयाबाई, हिला तर ते टेबल देवानंच धाडल्यासारखं वाटलं. पण उज्वलाला लाइन हवी होती. गाडीत तिनं बेल मारली की गाडी थांबायची आणि दोनदा मारली की निघायची. घरात तिच्या बोलण्यानं साधा मिक्सर थांबत नव्हता. पहाटे पंचवटीच्या गल्लीतून खाकी घालून निघालं की डोंगर चढेपर्यंत ती कुणाची सून नसायची, बायको नसायची, 'कंडक्टरबाई' असायची, आणि 'पुढं सरका' म्हटलं की पन्नास माणसं पुढं सरकायची. अठरा वर्षांच्या संसारात कुणी एक इंच सरकलं नव्हतं.

तर अशी ती, उजवा हात झोळीत आणि दहा आठवड्यांची रजा पदरात घेऊन घरी आली. खांदा तिचा होता, पण रजा घराची होती, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

बयाबाई निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. वय पासष्ट, आवाज पंचविशीतला. तिच्या लेखी आजारी माणूस म्हणजे जो पडून कण्हतो तो. उज्वला उठून चालत होती, बोलत होती, जेवत होती. म्हणजे ती आजारी नव्हती, ती घरी होती. आणि घरी असलेल्या बाईला काम सांगायचं नाही तर काय देव्हाऱ्यात बसवायची?

"डावा हात हाय ना?" बयाबाई विचारायची. "मंग डाव्यानं कर."

एक मात्र कबूल करायला पाहिजे. उज्वलाला एका हातानं वेणी घालता येत नव्हती, ती बयाबाई रोज घालून द्यायची. तिला खाली पाटावर बसवायची, स्वतः खुर्चीत बसायची आणि डोळे वर जातील इतकी घट्ट वेणी ओढायची. "सैल घातली का दुपारी सुटती," असं म्हणायची. उज्वलाला वाटायचं, खांदा बसला पण आता मान निखळणार.

मग भेटायला येणारी मंडळी सुरू झाली. आपल्याकडं माणूस आजारी पडलं की त्याला बघायला जायचं असतं, आणि बघायला आलेल्यांना आजाऱ्यानं चहा करायचा असतो. शेजारची कलाबाई चार केळी घेऊन आली, तीन कप चहा पिऊन गेली आणि जाताना तिच्या मामेभावाच्या खांद्याची गोष्ट सांगून गेली. त्याचाही असाच निखळला होता, साधाच, आणि आता त्याला त्या हातानं घाससुद्धा उचलता येत नाही. हे ती धीर देण्यासाठी म्हणाली. पहिल्या आठवड्यात उज्वलानं डाव्या हातानं एकूण किती चहा केला, याची नोंद कुठंच नाही, पण साखरेचा डबा दोनदा भरावा लागला. मुलगा अमित पुण्याला डिप्लोमाच्या वसतिगृहात होता. तो रोज फोन करून "मम्मी, रेस्ट घे" असं सांगायचा. फोनवरून सगळ्यांचं प्रेम कसं निर्मळ असतं!

तीन आठवड्यांनी झोळी निघाली आणि उज्वला फिजिओथेरपीला गेली. तिथली सविता मॅडम वयानं लहान, पण जिभेनं हेडमास्तरीण. तिनं हात कुठवर जातो ते पाहिलं. छातीपर्यंत जात होता, तोही खांदा कानाकडं ओढून, अंग एका बाजूला झुकवून.

"असं नाही," सविता म्हणाली. "हे फसवणं आहे. हात जात नाही म्हणून तुम्ही खांदा उचलता. आरशासमोर उभ्या राहा आणि बघा. खांदा कानाकडं निघाला की थांबायचं. हे आत्ता नीट केलं नाही ना, तर जन्मभर असाच हात उचलाल आणि तुम्हाला वाटेल की हात वर जातोय."

मग तिनं एक कागद दिला. त्यावर चार चित्रं होती, खाली इंग्रजीत बारीक अक्षरं. पहिल्या चित्रात एक बाई टेबलाला टेकून वाकली होती आणि सैल सोडलेला हात गोल फिरवत होती. दुसऱ्यात ती भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत होती. तिसऱ्यात तिनं दोन्ही हातांत आडवी काठी धरली होती. चौथ्यात तिच्या पाठीमागं टॉवेल होता. "रोज तीन वेळा, दहा-दहा वेळा," सविता म्हणाली. "आणि चित्रात आहे तेवढंच."

कागद उज्वलानं घरी आणून टीव्हीवर ठेवला. हीच चूक झाली. संध्याकाळी बयाबाईनं चष्मा लावून तो कागद न्याहाळला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं म्हणजे चित्रं. ती कागदाकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर असं तेज पसरलं, की वाल्मीकनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"अगं, ही तं फरशी पुसती!" बयाबाई म्हणाली. "अन् ही दुसरी बघ. जाळ्या काढती भिंतीच्या. अन् तिसरीच्या हातात लाटणं हाय. यवढं मोठं लाटणं कशाला लागतं त्यांना?"

"आई, ते व्यायाम आहेत."

"मंग मी काय म्हणते? आम्ही जन्मभर ह्योच व्यायाम केला, फक्त त्याचा कागद कुणी दिला नाय."

वाल्मीकला ही कल्पना फारच शास्त्रीय वाटली. "बरोबर आहे आईचं. नुसता हवेत हात फिरवण्यापेक्षा हातात फडकं घेतलं तर काय बिघडलं? एका दगडात दोन पक्षी." दगड कुणाचा आणि पक्षी कुणाचे, हे विचारायची सोय नव्हती. त्यानं जाताजाता कागदाचा फोटो काढून कोल्ड स्टोअरेजच्या ग्रुपवरही टाकला.

दुसऱ्या दिवसापासून उज्वलाची फिजिओथेरपी जोरात सुरू झाली. सकाळी पहिल्या चित्राप्रमाणं फरशी. दुपारी दुसऱ्या चित्राप्रमाणं जाळ्या, आधी खालच्या, मग मधल्या. तिसऱ्या चित्राप्रमाणं पोळ्या. चौथ्या चित्रातल्या टॉवेलचं काय करायचं हे बयाबाईला दोन दिवस उमगलं नाही; तिसऱ्या दिवशी तिनं सगळे टॉवेल धुवायला काढले. वर "वरच्या फळीवरचा डबा काढ" हे तिचं अठरा वर्षांचं आवडतं वाक्य होतंच. त्या घरात वरच्या फळीवर असं काही नव्हतं जे बयाबाईला दिवसातून एकदा लागत नव्हतं, आणि असं काहीही नव्हतं जे तिनं कधी स्वतः काढलं होतं. राणी कधी फळीपर्यंत हात नेते का?

उज्वला नाही म्हणू शकत नव्हती असं नाही. ती बसमध्ये दारू पिऊन चढलेल्यांना नाही म्हणत होती, फुकट्यांना म्हणत होती, एका पुढाऱ्याच्या भाच्यालाही म्हणाली होती. पण उंबऱ्याच्या आत आली की तो शब्द घशात अडकायचा. बयाबाईचं मन दुखवणं म्हणजे आठ दिवसांचा अबोला, आणि त्या अबोल्यात भांड्यांचा जो आवाज व्हायचा तो ऐकण्यापेक्षा फरशी पुसलेली बरी.

चौथ्या दिवशी जाळी काढताना झाडूचा दांडा खिळ्यात अडकला. तिनं हिसका दिला आणि खांद्यात तीच जुनी, घसरल्यासारखी कळ आली. ती भिंतीला टेकून तशीच खाली बसली. निखळला नव्हता. पण आत्ता निखळला असता तर, या विचारानं तिला घाम फुटला. ऑपरेशन, मग टेबल, मग साडेपाचचा चहा, मरेपर्यंत.

"कोणता व्यायाम करताना झालं?" सवितानं विचारलं.

"दुसरा."

"भिंतीवर बोटं चालवताना?"

"बोटांत झाडू होता."

सवितानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग ती जे म्हणाली त्यात 'अक्कल' हा शब्द तीनदा आला. "तुमच्या घरात तुमचा खांदा सोडून सगळ्यांना विश्रांती मिळतेय," असंही ती म्हणाली. घरी येईपर्यंत उज्वलाला ते वाक्य पुरलं.

तेव्हापासून ती चोरून व्यायाम करू लागली. लोक चोरून सिगारेट ओढतात, ही गच्चीवर जाऊन चोरून हात वर करायची. घरात कामाला डावा हात, आणि उजवा फक्त दाखवायला. पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर तिनं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. बोटं चालवत चालवत रोज रेघेच्या वर किती जातात ते बघायची. खांदा कानाकडं निघाला की थांबायची, पुन्हा सुरू करायची. कधी एका रेघेला तीन दिवस लागायचे, कधी दुखून डोळ्यांत पाणी यायचं. ती जिद्दीनं करत राहिली. मार्च संपता संपता हात कानाच्या वर गेला. आनंदानं ती एकटीच हसली आणि पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या कलाबाईला वाटलं, आता हिच्या डोक्यावरही परिणाम झाला.

आणि मग कुरडया आल्या.

बयाबाईची लेक पूजा पिंपळगावला दिलेली. दरवर्षी उन्हाळ्यात तिच्या सासरी डबाभर कुरडया जायच्या, आणि त्या पांढऱ्याशुभ्र, पाकळी न् पाकळी सुटी अशा असायच्या. वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. पूजाच्या सासूनं आजवर त्या कुरडयांची तारीफ केली नव्हती, हेच बयाबाईच्या दृष्टीनं मोठं प्रशस्तिपत्रक होतं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा. मग मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात तो चीक ओतत लाकडी दांड्यानं हाटायचा. हात थांबला की गुठळी. आणि चीक घट्ट होत गेला की दांडा असा जड होतो, की दोन्ही हातांनी जोर लावून, कमरेतून वाकून फिरवावा लागतो. हे काम गेली अठरा वर्षं उज्वलाचं होतं.

तपासणी सोमवारी होती. बयाबाईनं गहू भिजत घातला गुरुवारी.

"आई, रविवारी चीक होईल," उज्वला म्हणाली. "सोमवारी मला हात दाखवायचाय."

"मंग चांगलंच हाय की. आदल्या दिवशी चीक हाटला का हात मोकळा होईल. पयल्या चित्रातल्या बाईवानी."

शुक्रवारी पाणी बदललं, शनिवारी चीक निघाला, आणि तिन्ही रात्री उज्वला छताकडं बघत पडून राहिली. रविवारी सकाळी गच्चीवर चूल मांडली गेली. पातेल्यात पाणी खळखळू लागलं. हिंग पडला, मीठ पडलं. बयाबाईनं दांडा तिच्यापुढं धरला.

"मी हाटणार नाही," उज्वला म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण गाडीतला. अठरा वर्षांत तो पहिल्यांदाच घरी आला होता. पलीकडच्या गच्चीवर कलाबाईच्या हातातली साडी तशीच राहिली.

"काय म्हणली?"

"मी हाटणार नाही, आई. खांदा पुन्हा निखळला तर माझी लाइन जाईल. कुरडया नाही झाल्या तरी चालतील. तुमच्या लेकाला सांगा."

लेकाला त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला. तो कानाला लावून वाल्मीक जिन्यापर्यंत पोचलासुद्धा. फोन वाजला मात्र कुणी ऐकला नव्हता.

बयाबाईनं ओठ आवळून स्वतः दांडा घेतला. लेकीच्या सासरचा मान होता, गहू भिजलेला होता, पाणी उकळलेलं होतं. तिनं उजव्या हातानं हाटायला घेतलं आणि डाव्यानं चिकाचं भांडं उचलून ओतू लागली. डाव्या हाताला ते पेलेना. तिनं हात बदलला. उजव्या हातानं भांडं पातेल्याच्या काठावर उचललं, आणि उचलताना तिचा खांदा कानाला जाऊन भिडला, अंग एका बाजूला झुकलं.

उज्वलानं ते पाहिलं. सात आठवडे ती आरशात हेच बघत होती.

"आई, हात वर करा."

"चीक धरंल खाली, बाजूला हो."

"करा ना वर."

बयाबाईनं वैतागून हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. तिनं खांदा वर ओढला, मान वाकडी केली, हात तिथंच.

"यवढाच जातो," ती म्हणाली, जशी एखादी बाई दार नीट लागत नाही म्हणून सांगते.

"कधीपासून?"

"पूजा पोटात व्हती तव्हापासून. रहाटावरून बादली सुटली, दोर माह्या हातात. खांदा उतरला. गावातल्या एकानं बगलेत पाय देऊन वढला, बसला. चवथ्या दिशी कांदे लावायला गेले."

"चौथ्या दिवशी?"

"मंग? रजा कोण देनार व्हतं मला, विहीर?"

पातेल्यात गुठळ्या होत होत्या. उज्वलाला एकाच वेळी सगळं दिसलं: वरची फळी, पाटावर खाली बसवून घातलेली वेणी, अठरा वर्षं 'हे काढ, ते काढ'. ती ज्याला मिजास म्हणत आली होती तो निखळलेला खांदा होता. तिला या बाईची दया आली, आणि दयेच्या मागोमाग संतापही आला.

"मग तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "कसं दुखतं ते तुम्हाला माहीत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुमचं तर जळलेलं होतं. तरी मला जाळ्या काढायला लावल्या? फरशी पुसायला लावली? सगळं माहीत असून?"

बयाबाईनं दांडा हातात घेतला आणि खाली बघून हाटू लागली. उज्वला तरातरा जिन्यावर गेली, वाल्मीकच्या कानाचा फोन काढून घेतला आणि त्याला दंडाला धरून वर आणलं. त्या दिवशी कोल्ड स्टोअरेजच्या सुपरवायझरनं आयुष्यात पहिल्यांदा चीक हाटला. पाचव्या मिनिटाला त्याला घाम फुटला, दहाव्याला त्यानं "याला मशीन मिळत नाही का?" असं विचारलं, आणि संध्याकाळी दोन्ही दंडांना बाम लावून तो असा कण्हत पडला की बयाबाईच्या व्याख्येप्रमाणं घरात अखेर एक खराखुरा आजारी माणूस तयार झाला. कुरडया पिवळट आणि गुठळ्यांच्या झाल्या. बयाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भांडी मात्र आपटली नाहीत, आणि तेच उज्वलाला जास्त लागलं.

सोमवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कागद चाळले, हात पुढून वर न्यायला सांगितला, बाजूनं न्यायला सांगितला, पाठीमागं न्यायला सांगितला. हात वर गेला. सरळ, कानाला चिकटून, खांदा जागचा न हलता. साहेबांनी तो दाबून पाहिला, खाली ओढून पाहिला.

"व्यायाम कुणी करून घेतला?"

"मीच केला, साहेब. गच्चीवर."

"अजून महिनाभर जपा. दांडा डाव्या हातानं धरा," म्हणत त्यांनी सही केली. लाइन मिळाली. बाहेर आल्यावर तिनं जयरामला फोन केला, तर तो म्हणाला, "या लवकर, बाई. नवीन कंडक्टर दोन स्टॉप झोपून काढतो."

परत येताना रिक्षात ती एकीकडं आनंदानं भरून गेली होती आणि दुसरीकडं वाक्यं जुळवत होती. बयाबाईला काय काय ऐकवायचं, त्याची यादीच केली होती. जाळ्यांवर एक, फरशीवर दोन, त्या कागदातल्या बाईवर एक फारच झोंबणारं. अठरा वर्षांचा ऐवज होता.

बयाबाई स्वयंपाकघरात खालीच बसली होती. वाल्मीक कामावर गेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"काय म्हणले?" बयाबाईनं विचारलं.

"लाइन दिली."

"हात जातो वर?"

"जातो."

"दाखव."

उज्वलानं पर्स खाली ठेवली आणि हात वर नेला. हळूच नाही, ठसक्यात नेला, पार वर, वरच्या फळीच्याही वर. बयाबाई मान उंच करून बघत राहिली. खांद्याकडं बघितलं, कोपराकडं बघितलं, मग बोटांकडं. तिचा स्वतःचा उजवा हात मांडीवर होता. तो आपसूक थोडा उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

"दुखत नाय?"

"थोडं. पण जातो."

बयाबाईनं डाव्या हातानं आपला उजवा खांदा चाचपला.

"काल तू म्हणली, मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "दुखतं, ते ठावं व्हतं. पण मला वाटायचं, उतरला का खांदा असाच ऱ्हातो. काम करत ऱ्हायलं का सवय होती, बस. त्यो बरा होतो, हे मला कुणी सांगितलंच नाय, पोरी."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही उज्वलाला आठवेना. हात अजून वरच होता, आणि तो आता हिच्यादेखत खाली कसा घ्यायचा, तेच तिला कळेना.